'त्यांनाच नको असतं' म्हणून उठून यायचं का?

"त्यांनाच नको असतं हो, आपण तरी किती करणार?" हे वाक्य मी चर्चच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, ऑफिसात डबा खाताना ऐकलंय आणि खरं सांगायचं तर थकलेल्या दिवशी माझ्या स्वतःच्या तोंडून पण निघालंय. हे बोलणारी माणसं वाईट नसतात. ज्यांनी कधी काहीच केलं नाही त्यांच्यावर हे बोलायची वेळच येत नाही, हे बोलतात ते ज्यांनी फुटपाथवरच्या माणसाला ब्लँकेट नेऊन दिलं आणि परत आणावं लागलं, ज्यांनी बेघरांच्या शेल्टरला फोन केला, टॅक्सी थांबवून ठेवली आणि ऐन वेळी समोरचा माणूस म्हणाला, मी नाही येत, तुम्ही जा.

आमचं भायखळ्याच्या बाजूचं मराठी चर्च आहे. जुनी मंडळी, बहुतेकांचं मूळ गाव नगर जिल्ह्यात. तीन वर्षं झाली, महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून दर रविवारी संध्याकाळी आम्ही लालबागच्या फ्लायओव्हरखाली आणि आजूबाजूला चहा-पाव घेऊन जातो. गेल्या महिन्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत विषय निघाला की हे बंद करायचं का, कारण तीन वर्षांत एकही माणूस आपल्या सांगण्यावरून शेल्टरला गेला नाही, म्हणजे चहा पाजून आपण त्यांना फुटपाथवरच राहायची सवय लावतोय. एक काका तर म्हणाले, सरळ गाडी बोलवा, उचलून नेऊ दे, चार दिवस ओरडतील मग गप्प होतील, त्यांच्याच भल्याचं आहे. मला हे दोन्ही पटलं नाही. का पटलं नाही ते तिथे धड बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसले.

आधी एका मावशींबद्दल सांगते. वय साठीच्या पुढचं. नाव त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही, आम्ही मावशी म्हणतो, त्या ओ देतात. एक निळी ताडपत्री, एक स्टीलचा डबा, परकराच्या नाडीने मानेला बांधलेली पाण्याची बाटली आणि एक गोणी, एवढा संसार. पहिल्या डिसेंबरात मी त्यांना नवीन ब्लँकेट दिलं, ते चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीतलं असतं ना तसं. त्यांनी ते बाहेर पण काढलं नाही. पिशवीवरून एकदा हात फिरवला, चेन नीट लागलीय ना बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. "नको बाई." मला वाईट वाटलं, वाईट म्हणजे खरं तर राग आला, कारण आम्ही ते ब्लँकेट वर्गणी काढून घेतलं होतं आणि त्या रात्री चांगला गारवा होता. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, नवीन वस्तू जवळ असली की रात्रीचा डोळा लागत नाही, गर्दुल्ले येऊन ओढतात, आणि ओढताना नुसत्या ब्लँकेटला हात लावत नाहीत. माझ्या फाटक्या गोधडीकडे कोण बघतंय?

म्हणजे ज्याला मी अडाणीपणा समजले तो त्या बाईचा रात्रीचा बंदोबस्त होता. तेव्हापासून कुणी 'नको' म्हटलं की मी आधी हे धरून चालते की ह्या माणसाला इथल्या रात्रीबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

शेल्टरचं पण तसंच. आपल्याला वाटतं डोक्यावर छप्पर मिळत असताना नाही म्हणणारा माणूस एक तर वेडा नाहीतर आळशी. पण जरा विचारून बघा की कारणं निघतात. नवरा-बायको एकत्र राहू देत नाहीत, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, मोठा मुलगा असला की तो तिसरीकडे. गोणी आत घेऊ देत नाहीत. दोन वर्षं सांभाळलेल्या कुत्रीला नेता येत नाही. आधार कार्ड मागतात. संध्याकाळी अमुक वाजता आत, आणि ज्याचं काम लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायचं आहे तो रात्री एक वाजता सुटतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे लांब. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ह्याच मुंबईच्या फुटपाथवाल्यांबद्दल हे मान्य केलं होतं, की माणूस कामाच्या जवळ म्हणून फुटपाथ धरतो आणि फुटपाथ गेला की काम पण जातं. चाळीस वर्षं झाली त्याला. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाजूच्या फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि नातेवाईक पथारी टाकून बसलेले असतात, त्यांना लांबची खोली कुणी फुकट देऊ केली तरी सगळे जात नाहीत, कारण सकाळच्या ओपीडीची लाईन चुकली की तो दिवस गेला आणि केमो घेतलेल्या माणसाला घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं कसं. त्यांना आपण आळशी म्हणत नाही. मग फ्लायओव्हरखालच्यांना का म्हणतो?

आता आकडे बघू, कारण कमिटीत कुणी हा हिशोबच केला नव्हता. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास उघडा. पुढे केंद्राच्या योजनेत दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय असं माप धरलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या घरात होती, म्हणजे १२४ निवारे हवेत, म्हणजे साधारण १२,४०० माणसांची सोय. आणि त्याच जनगणनेत मुंबईत बेघर किती मोजले, तर ५७ हजारांच्या वर, आणि ज्यांनी कधी रात्री मुंबईत फेरी मारलीय त्यांना माहितीय की सगळे मोजले गेलेच नसणार. १२४ निवारे मुंबईत कधीच झालेले नाहीत. म्हणजे उद्या सकाळी हे सगळे लोक एकदम 'हो, येतो' म्हणाले तर त्यांना न्यायचं कुठे? जागा नसलेल्या घरी यायला नकार दिला म्हणून आपण माणसाला दोष देतोय. नकार दिसतो कारण तो माणूस समोर असतो, न बांधलेली इमारत दिसत नाही.

काकांनी गाडी बोलवायची म्हटलं त्याबद्दल. मुंबईत हे आजचं नाही. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नावच होमलेस लेपर असायलम असं होतं, रस्त्यावर फिरणाऱ्या महारोग्यांना आणून ठेवायला काढलेलं. शहराला ते दिसायला नको होते, त्यातच त्यांचं भलं पण झालं असं मानलं गेलं. मग १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. त्यात भिकारी कोण, तर हात पसरणारा तर आहेच, पण पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय असा माणूस पण त्यात बसवता येतो. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, परत परत सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये ह्या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली, पण कायदा मूळचा आपला, मुंबईचा, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी भिकारी पकडायची मोहीम पण काढली होती. त्यामुळे फुटपाथवर 'चला, चांगल्या जागी नेतो' हे वाक्य आपण कितीही प्रेमाने बोललो तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात चेंबूरचं भिक्षेकरी गृह येतं. आम्ही पहिल्यांदा व्हॅन घेऊन गेलो, चर्चच्याच एका बंधूंची, पांढरी, तेव्हा अर्धे लोक चहा न घेताच उठून पलीकडे गेले. आम्हाला कळेना. पुढच्या आठवड्यात किटली हातात धरून चालत गेलो, सगळे बसले होते.

हे झालं व्यवहाराचं. पण आमच्या मीटिंगमध्ये मुद्दे बायबलच्या वचनातून निघतात, आणि तीन वचनं निघाली, तर त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिलं, जे तुमचा स्वीकार करणार नाहीत त्यांच्या दारातून निघताना पायाची धूळ झटका. मत्तयचा दहावा अध्याय. हे वचन घेऊन आपण फुटपाथवाल्यांकडे पाठ फिरवतो, पण तो अध्याय नीट वाचला तर त्यात बिनघराचे कोण आहेत? शिष्य. ज्यांना प्रभूने सांगितलं की कमरेला पैसे नको, झोळी नको, दुसरा अंगरखा नको, लोक ठेवून घेतील तिथे राहा. आणि दार लावून घेणारे आहेत ते घरवाले. म्हणजे धूळ झटकायचा अधिकार दिलाय तो रस्त्यावरच्या माणसाला, घरात बसलेल्याला नाही. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक तसंच मांडीवर उघडं ठेवून बसले होते.

दुसरं, काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊ पण नये, हे पौलाचं. पण पौल ते थेस्सलनीकाच्या मंडळीतल्या लोकांना लिहितोय, जे कामधंदा सोडून इतरांच्या कामात लुडबूड करत होते. आमच्या पुलाखाली पहाटे चारला उठून हातगाडी ओढणारा माणूस आहे, भंगार वेचणारी बाई आहे, गजरे करणारी आहे. काम आहे, भाडं परवडत नाही एवढंच. आणि लालबागला भाडं आपल्यापैकी तरी कुणाला परवडतं, आपण आजोबांच्या पागडीच्या खोलीत राहतो म्हणून राहतो.

तिसरं वचन काकांचं लाडकं, लूकच्या चौदाव्या अध्यायातलं मोठ्या जेवणाचं. धनी चाकराला म्हणतो, सडकांवर जा, कुंपणांपाशी जा, लोकांना आग्रह करून आत आण, माझं घर भरू दे. काका म्हणाले, बघा, जबरदस्ती शास्त्रात आहे. आणि हे काकाच पहिले नाहीत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत बिशप ऑगस्टीनने हेच वचन वापरून वेगळ्या पडलेल्या ख्रिस्ती गटावर, दोनातिस्टांवर, सरकारी सक्ती योग्य ठरवली होती, आणि त्यानंतर कितीतरी शतकं ह्या एका शब्दाच्या आधाराने माणसांचा छळ झाला. पण आपल्या मराठीत तिथे जो शब्द येतो तो आग्रह आहे, आणि आग्रह म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पंगतीत वाढणारी म्हणते घ्या हो, अजून एक, माझ्यासाठी एक, तिनदा म्हणते. पण जेवणाऱ्याने ताटावर आडवा हात धरला की वाढणारीचा हात थांबतो. त्या हातावर जिलबी कुणी टाकत नाही. आग्रह नसेल तर यजमान कोरडा, आणि आडव्या हातापुढे न थांबणाऱ्याला वाढायचंच कळत नाही. मला वाटतं ह्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर ह्या दोन हातांच्या मधेच कुठेतरी आहे. नको म्हटलं म्हणून वाढप्या पंगतीतून निघून जात नाही, परत फेरी येते, भाताची येते, ताकाची येते, आणि प्रत्येक वेळी तो त्याच ताटासमोर वाकतो.

आणि प्रभू येशू स्वतः कसा वागला ते बघा ना. बेथेस्दाच्या तळ्यापाशी अडतीस वर्षं पडून असलेला माणूस, त्याला विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? लहानपणी मला हा प्रश्न विचित्र वाटायचा, अडतीस वर्षं आजारी माणसाला असं कुणी विचारतं का. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडतोय, त्याला काय हवंय हे सगळ्या गर्दीला दिसतंय, तरी प्रभू थांबून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? आणि तो श्रीमंत तरुण, त्याच्याकडे बघून प्रभूला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं असं मार्क स्पष्ट लिहितो, आणि तरी तो नाही म्हणून खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याच्या मागे धावून त्याचा हात धरला नाही. जाऊ दिलं. प्रेम वाटलं आणि जाऊ दिलं, ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात. आपल्याला एक जमतं नाहीतर दुसरं जमतं. प्रेम वाटलं की आपण ओढतो, आणि जाऊ दिलं की प्रेम बंद करून टाकतो.

जुन्या करारातला एलीया पण मला ह्यात आठवतो. जीव नकोसा होऊन रतामाच्या झुडपाखाली पडलाय, मरण मागतोय. देवदूत येतो, उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि परत झोपतो! देवदूत त्याला तेव्हा काही सुनावत नाही. परत येतो, परत भाकर देतो. आमच्या कमिटीत असता तो देवदूत तर दुसऱ्या भाकरीला मंजुरी मिळाली नसती, हे मी फार दुःखाने लिहितेय.

नकाराचं अजून एक कारण असतं ते म्हणजे आपण. आपलीच भीती. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या, त्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की उपासमारीने सांगाडा झालेल्या पोरी सुद्धा यायला घाबरत होत्या, कारण लोकांनी त्यांना सांगितलं होतं की हे ख्रिस्ती लोक तुम्हाला उलटं टांगणार, खाली जाळ करणार आणि तुमचं तेल काढणार. भुकेने मरणारी पोर अन्नाला नको म्हणतेय कारण देणाऱ्याची भीती अन्नापेक्षा मोठी आहे. आणि रमाबाईंना हे आतून कळत होतं असं मला वाटतं, कारण त्या स्वतः त्यातून गेल्या होत्या. तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली, मग भावाबरोबर हजारो मैल पायी, बेघर. आणि त्यांनीच लिहिलंय की त्या दिवसांत भीक मागायला किंवा हलकं काम करायला आमचा अभिमान आडवा यायचा. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाची सगळ्यात मोठी बाई एके काळी उपाशी असून हात न पसरणारी रस्त्यावरची मुलगी होती, हे आपण त्यांच्या मुक्ती मिशनचा फोटो भिंतीवर लावताना विसरतो.

आजची भीती तेल काढण्याची नाही, धर्म बदलण्याची आहे. पाव देताना एका म्हाताऱ्या आजोबांनी मला सरळ विचारलं, हे खाल्लं की काय करावं लागतं? त्यांना तसं विचारावंसं वाटलं ह्यात त्यांची चूक नाही, कारण आधी आम्ही पावाच्या पिशवीत एक छोटं पत्रक टाकायचो. मी त्या वेळी पत्रकाच्या बाजूने होते, आज नाही. सुवार्ता लपवायची असं मी म्हणत नाही, कुणी विचारलं तर मी सांगते, गळ्यातला क्रॉस काढून जात नाही. पण भुकेल्या माणसाच्या हातात पाव आणि पत्रक एकत्र दिलं की पत्रकाला नको म्हणायची त्याची सोय आपण काढून घेतो, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो' मध्ये देवाला काय मिळणार? आता पिशवीत फक्त पाव असतो. गाडगेबाबांची ती यादी आहे ना, भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली यादी, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दोन्हीत समोरचा माणूस कोणत्या धर्माचा, त्याची लायकी काय, तो आभार मानतो की नाही, ह्याचा एक शब्द नाही.

आता अवघड भाग. मी हे सगळं लिहितेय त्याचा अर्थ कुणी असा घेऊ नये की माणूस नको म्हणाला की विषय संपला, मग तो गटाराचं पाणी पिऊ दे. तसं नाही. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता ह्यांची गोष्ट मुंबईत बऱ्याच जणांना माहीत असेल, रस्त्यावर एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं, १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन, पुढे कर्जतचं केंद्र, २०१८ मध्ये मॅगसेसे. रस्त्यावर भरकटलेले मनोरुग्ण नेऊन, बरे करून, घरी पोचवायचे. तिथे 'त्याला नको होतं' म्हणून सोडून देणं म्हणजे दया नाही, हात झटकणं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० पोलिसांवर ही जबाबदारीच टाकतं, की मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. पण तोच कायदा हे पण सांगतो की माणसाला स्वतःचं कळतं हे आधी धरून चालायचं.

फरक करायचा कसा, हे मी चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी चिंचपोकळीच्या बाजूला एका बंद शटरपाशी एक माणूस असायचा, पन्नाशीचा, स्वतःशी बोलायचा, आम्हाला शिव्या द्यायचा. मी ठरवून टाकलं की हा वेडा आहे. एका संस्थेला फोन केला, ते गाडी घेऊन आले, चौघांनी धरलं, तो ओरडत होता आणि मी त्याचा हात धरून काही होणार नाही, काही होणार नाही म्हणत होते. त्याची गोणी तिथेच राहिली. सकाळी झाडलोट झाली त्यात ती गेली. पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला, आणि तेव्हा कळलं की गोणीत एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, हॉस्पिटलचे केसपेपर आणि बायकोचा फोटो होता. त्याला वेड लागलेलं नव्हतं. आम्ही दर वेळी त्याची झोप मोडायचो म्हणून तो चिडायचा, आणि एकटा राहून राहून स्वतःशी बोलायची सवय लागली होती. मी माफी मागितली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि अजून बघत नाही, आम्ही येताना दिसलो की रस्ता ओलांडून जातो. त्याचं ते नको मी मिळवलेलं आहे.

दुसरा होता तो वेगळा, त्याच्या पायाच्या जखमेत किडे झाले होते, आणि विचारलं तर म्हणायचा पाय माझा नाही. तिथे आम्ही पोलीस स्टेशनला गेलो, लेखी दिलं, त्याला हॉस्पिटलला नेलं, आणि ह्या वेळी त्याचं सामान माझ्या नावाने चर्चच्या कपाटात ठेवलं, त्याची यादी करून. मी दोघांमधला फरक असा बघते, की हा माणूस कशाला नको म्हणतोय हे त्याला कळतंय का. मावशींना ब्लँकेट म्हणजे काय आणि ते घेतलं तर रात्री काय होईल हे पूर्ण कळत होतं. पायाला माझा नाही म्हणणाऱ्याला नव्हतं. मधले पण असतात, दारूतले, नशेसाठी सोल्यूशनची पिशवी तोंडाला लावलेली पोरं, त्यांचं रात्री अकराचं नाही आणि सकाळी सातचं नाही एक नसतं, म्हणून त्यांना सकाळी जाऊन विचारावं, आणि आज नाही म्हटलं तर परवा. ह्याला वेळ लागतो, आणि रविवारी संध्याकाळच्या एका फेरीत ते होत नाही, हे मी पण कबूल करते.

म्हणून पंच कमिटीला माझं म्हणणं आहे की चहा-पाव बंद करू नका, आणि किती लोक शेल्टरला गेले हा आकडा विचारणं बंद करा. त्यापेक्षा हे विचारा की तीच माणसं, त्याच वेळी, तिथे गेली का, नावं माहीत झाली का, कुणी काय मागितलं. आणि महापालिकेला पत्र लिहायचं असेल तर उचलून न्या असं नाही, आमच्या वॉर्डात कुटुंबाला एकत्र राहता येईल आणि गोणी ठेवता येईल असं शेल्टर कधी करताय, हे विचारायचं पत्र लिहा, सही करायला मी पहिली. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा आपला हॉल चार रात्री उघडा ठेवता येतो, खुर्च्या एका बाजूला सारल्या की झालं, ते पण मी मांडणार आहे.

आणि एक छोटी गोष्ट. तीन वर्षं मी मावशींना वस्तू नेऊन देत होते, ब्लँकेट, साडी, औषधाची गोळी, शेल्टरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, आणि त्या नको म्हणत होत्या. बार्तीमयाला विचारलेला तो प्रश्न मी दर वर्षी उपासनेत ऐकते पण मावशींना विचारला तो गेल्या महिन्यात, त्या मीटिंगनंतरच्या रविवारी, मावशी, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, आंघोळ. पैसे देऊन करतात तिथे बाहेर बाप्ये रांगेत उभे राहतात आणि दार धडाधडा वाजवतात, डोक्यावरून पाणी घेऊन किती महिने झाले. मी म्हटलं चर्चच्या मागे मोरी आहे, रविवारी दुपारी कुणी नसतं, वॉचमनकाकांना सांगते. त्यांनी लगेच विचारलं, आतून कडी लागते का?

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या चर्चमध्ये जातेय, बघितलंच नव्हतं. जाऊन बघितलं तर कडी गंजून अर्धी तुटलेली, दार नुसतं ओढून घ्यायचं. शनिवारी मी लालबागच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवीन कडी आणि चार स्क्रू आणलेत, तरुण संघातला एक मुलगा ड्रिल घेऊन येणार आहे.